गाडी तापते, हीटर गार पडतो : दुखणी दोन, पाणी एकच

नगर रस्त्याने पुण्याबाहेर निघाले की खराडीनंतर वाघोली लागते. दगडखाणी आणि खडी क्रशर यांच्यामुळे पूर्वीपासून ओळखले जाणारे हे गाव २०२१ साली पुणे महापालिकेच्या हद्दीत आले. पण गर्दी, धूळ आणि टँकरचे पाणी या तीन गोष्टींनी त्याची पाठ सोडलेली नाही. या तिन्ही गोष्टींचा मोटारीच्या इंजिनाशी जवळचा संबंध आहे. गर्दीत अडकलेल्या गाडीला वारा मिळत नाही, धुळीने रेडिएटरची जाळी बुजते आणि बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने आतल्या नळ्या चोंदतात. गाडी गरम होण्याची तक्रार समजून घ्यायची तर या रस्त्याइतके चांगले ठिकाण शोधून सापडणार नाही.

गॅरेजवाल्याकडे या बाबतीत दोन तऱ्हेची गिऱ्हाइके येतात. पहिला म्हणतो, "उस्ताद, गाडी गरम होतेय, पाणी फेकतेय." हा बहुधा उन्हाळ्यात येतो. दुसरा येतो डिसेंबर-जानेवारीत. रात्रीच्या वेळी शिर्डीचे किंवा छत्रपती संभाजीनगरचे भाडे घेऊन जाणारा हा टुरिस्टवाला म्हणतो, "हीटर कधी गरम मारतो, कधी गार. मागे बसलेली माणसे कुरकुर करतात." पहिल्याला आपण इंजिनवाल्याकडे धाडतो, दुसऱ्याला एसीवाल्याकडे. दोघांचेही पैसे खर्च होतात आणि पुष्कळदा दोघांचेही काम होत नाही. याचे कारण असे की इंजिन थंड करणारे पाणी आणि गाडीत ऊब देणारे पाणी हे एकच पाणी आहे. एका तक्रारीचे उत्तर अनेकदा दुसरीत दडलेले असते. आजच्या लेखात आम्ही हाच धागा धरून तपासणीचा क्रम मांडत आहोत.

पाण्याचा फेरा

इंधनात जी शक्ती असते तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भागच चाके फिरवण्याच्या कामी येतो. दुसरा एक तृतीयांश सायलेन्सरवाटे धुराबरोबर निघून जातो आणि उरलेली उष्णता बाहेर टाकण्याचे काम मुख्यतः पाण्याला करावे लागते. वॉटर पंप, ज्याला आपण वॉटर बॉडी म्हणतो, तो पाणी इंजिनात ढकलतो. ब्लॉक आणि हेड यांची उष्णता घेऊन पाणी थर्मोस्टॅट व्हॉल्व्हपाशी येते. इंजिन गार असेपर्यंत व्हॉल्व्ह बंद राहतो आणि पाणी आतल्या आतच फिरते. साधारण ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला व्हॉल्व्हच्या आतले मेण वितळून फुगते, व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी रेडिएटरमध्ये जाऊन गार होऊन परत येते. तेवढ्यानेही भागले नाही तर साधारण ९५ ते १०० अंशांच्या दरम्यान विजेचा पंखा सुरू होतो. हे आकडे गाडीगणिक थोडे बदलतात.

हीटरची वाट मात्र वेगळी आहे. डॅशबोर्डच्या आत एक छोटा रेडिएटर बसवलेला असतो. बहुतेक गाड्यांत त्याला इंजिनातून थेट गरम पाणी मिळते. थर्मोस्टॅट उघडण्याची त्याला वाट पाहावी लागत नाही. त्या छोट्या रेडिएटरवरून पंख्याने हवा फुंकली की गाडीत ऊब येते. म्हणजे हीटरसाठी वेगळे इंधन जळत नाही. इंजिनाची फेकून द्यायची उष्णताच तिथे कामाला लागते.

कॅप छोटी, काम मोठे

समुद्रकाठी पाणी १०० अंशांना उकळते. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, म्हणून इथे ते ९८ अंशांच्या आसपासच उकळते. महाबळेश्वरच्या उंचीवर तर ९५-९६ अंशच पुरतात. आता मागच्या आकड्यांशी याचा ताळा घाला. पंखा सुरू व्हायच्या सुमारालाच उघडे पाणी उकळी घेऊ लागेल! तसे होऊ नये म्हणून रेडिएटरच्या किंवा प्लास्टिकच्या टाकीच्या झाकणात स्प्रिंग असते. ती आत साधारण ०.९ ते १.१ बार इतका दाब धरून ठेवते. दाबाखाली पाणी उशिरा उकळते. या दाबाने साधे पाणीही ११७ ते १२० अंशांपर्यंत तग धरते आणि त्यात निम्मे कूलंट असले तर त्याहून आणखी काही अंश.

या कॅपचा रबर कडक झाला किंवा स्प्रिंग ढिली पडली की बाकी सगळी यंत्रणा धडधाकट असूनही गाडी पाणी फेकते. गिऱ्हाईक म्हणते रेडिएटर गेला, शागीर्द म्हणतो हेड गॅस्केट गेले, आणि दोष निघतो काही रुपयांच्या झाकणाचा. म्हणून तपासणीची सुरुवात नेहमी कॅपपासून करावी. कॅपचा दाब मोजण्याचा हातपंप मिळतो. तो गॅरेजमध्ये असलाच पाहिजे. त्याच पंपाने रेडिएटरमध्ये दाब भरून कुठे गळती आहे तेही शोधता येते. नवी कॅप घेताना जुनीवर लिहिलेला आकडा पाहून तोच घ्यावा. जास्त दाबाची कॅप लावली म्हणजे जास्त चांगली, असे नाही. त्याने जुने होज पाईप आणि हीटरची कोर फुटते.

काट्यापेक्षा हीटर खरा बोलतो

डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यावर बहुतेक ड्रायव्हरांचा फार विश्वास असतो. परंतु पुष्कळ नव्या गाड्यांत हा काटा मुद्दाम संथ ठेवलेला असतो. पाणी ऐंशीला असो की शंभरच्या पुढे, काटा मध्यावरच दिसतो, कारण तो जरा हलला की मालक घाबरून वर्कशॉप गाठतो. कित्येक छोट्या गाड्यांत तर काटाच नसतो. फक्त गार इंजिनाचा निळा आणि गरम इंजिनाचा लाल दिवा असतो. शिवाय पाणी फारच कमी झाले तर सेन्सर पाण्याबाहेर पडतो आणि त्याला पाण्याऐवजी हवा किंवा वाफ लागते. मग इंजिन जळत असताना काटा खाली राहू शकतो.

अशा वेळी हीटर उपयोगी पडतो. हीटरची कोर बऱ्याच गाड्यांत उंचावर असते. पाणी कमी झाले किंवा आत हवा शिरली की ती हवा सहसा उंच जागी जाऊन बसते आणि हीटर गार पडतो. तेव्हा इंजिन चांगले तापलेले असताना हीटरचा नॉब पूर्ण गरमवर नेऊन पंखा चालू करावा. गरम हवा आली तर पाणी निदान तिथपर्यंत पोहोचते आहे. काटा वर चढलेला आणि हीटर मात्र गार, असे दिसले तर आधी एकच अर्थ धरावा : पाणी कमी आहे किंवा फिरत नाही. गाडी तिथल्या तिथे बंद करावी. काटा मध्यावर असून चालता-चालता हीटर एकाएकी गार पडला, तर तीही धोक्याची पहिली सूचनाच समजावी. ही तपासणी ड्रायव्हरला बसल्या जागी करता येते आणि तिला पैसा लागत नाही.

गाडी केव्हा तापते, हे आधी विचारा

चांगला हकीम नाडी पाहण्याआधी रोग्याला दोन प्रश्न विचारतो. उस्तादानेही बोनेट उघडण्याआधी विचारावे : गाडी केव्हा तापते? या एका प्रश्नाने निम्मे काम होते.

गर्दीत उभी राहिली की तापते आणि रस्ता मोकळा झाला की उतरते, असे उत्तर आले तर संशय पंख्यावर घ्यावा. धावत्या गाडीला समोरचा वारा पुरतो. उभ्या गाडीला पंखाच आधार. आधी एसी चालू करून पाहावा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर पंखा फिरतो. एसीवर फिरतो पण गरम झाल्यावर आपोआप सुरू होत नाही, तर मोटर शाबूत आहे. सेन्सर, रिले किंवा वायरिंग पाहावे. दोन्ही वेळा फिरत नसेल तर फ्यूज पाहून मोटरला थेट बॅटरीचा करंट द्यावा. मोटर नुकतीच बदललेली असेल तर पंख्याने ओढलेल्या वाऱ्याची दिशा कागद धरून तपासावी. वायरी उलट जोडल्या गेल्या तर पंखा फिरताना दिसतो, पण वारा उलटा फेकतो आणि उस्ताद तासन्‌तास चक्रावून जातो. बोलेरो, स्कॉर्पिओ किंवा सुमोसारख्या ज्या गाड्यांत इंजिनावर चालणारा व्हिस्कस पंखा असतो, तिथे गरम इंजिन बंद करून, चावी काढून पंखा हाताने फिरवावा. त्याला जडपणा लागला पाहिजे. सुटा गरगर फिरला तर क्लच संपला.

गावात ठीक, पण घाट चढताना किंवा हायवेला वेग घेतला की तापते, असे उत्तर आले तर पाण्याच्या वाहण्यात अडथळा आहे. दिवेघाट, खंबाटकी किंवा नगरच्या पुढे इमामपूरचा घाट चढताना इंजिनाला ताकद लावावी लागते आणि उष्णता वाढते. अशा वेळी रेडिएटर आतून चोंदलेला, बाहेरून धुळीने बुजलेला, थर्मोस्टॅट अर्धाच उघडणारा, पट्टा ढिला किंवा वॉटर बॉडीची पाती झिजलेली, यापैकी काहीतरी निघते. खालचा होज पाईपही पाहावा. आतला आधार गंजला असेल तर इंजिनाच्या ओढीने तो चपटा होतो आणि पाणी अडवतो. गाडी उभी असताना तो गोलच दिसतो. इंजिन रेस केल्यावर दोष उघडा पडतो.

सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच कुठेही, कशीही तापते, असे उत्तर आले तर पाणी फार कमी आहे, व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकला आहे किंवा हेड गॅस्केटचे काम आहे.

वाघोलीकडच्या गाड्यांसाठी एक सूचना. एसी गाडीत रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर असतो. क्रशरची बारीक पूड या दोहोंच्या मधल्या फटीत साठते, पावसात भिजून घट्ट होते आणि समोरून पाहिले तर काहीच दिसत नाही. पाईप मारायचा तो इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, हलक्या धारेने. वॉशिंग सेंटरची जोरकस धार सरळ पात्यांवर मारली की पाती वाकून जाळी कायमची बंद होते.

हीटरच्या दोन नळ्या

आता हीटरच्या तक्रारीकडे वळू. इंजिनाच्या मागच्या भिंतीतून, म्हणजे फायरवॉलमधून, दोन रबरी नळ्या आत जातात. एकीतून गरम पाणी जाते, दुसरीतून परत येते. इंजिन तापवून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून या दोन नळ्यांना जपून हात लावला तर बहुतेक निदान तिथेच होते.

दोन्ही नळ्या गरम आणि तरी हवा गार : पाण्याचा दोष नाही. आत हवेची वाट बदलणारी झडप, तिची केबल किंवा छोटी मोटर बिघडली आहे. हे एसीवाल्याचे काम.

एक नळी चटका देणारी आणि दुसरी कोमट किंवा गार : हीटरची कोर चोंदली आहे. दोन्ही नळ्या सुट्या करून परतीच्या बाजूने हलक्या दाबाने पाणी सोडावे. पुष्कळदा तांबडा चिखल बाहेर पडतो आणि नवी कोर घालण्याचा खर्च टळतो.

दोन्ही नळ्या गार : पाणी तिथपर्यंत येतच नाही. पाणी कमी आहे, हवा अडकली आहे किंवा जुन्या गाड्यांत असतो तो हीटरचा कॉक बंद आहे.

गाडी पळताना गरम हवा आणि उभी राहिली की गार : पाणी किंचित कमी आहे, हवा शिरली आहे किंवा वॉटर बॉडी कमजोर झाली आहे. इंजिन मंद फिरताना ती पाणी वर चढवू शकत नाही. टुरिस्टवाल्याच्या "कधी गरम, कधी गार" या तक्रारीचा अर्थ बहुधा हाच असतो. आज तो हीटरसाठी आला आहे. दखल घेतली नाही तर एप्रिलात तोच पाणी फेकणारी गाडी टो करून आणील.

हीटर सदा कोमट आणि काटाही अर्ध्यावर चढत नाही : थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे किंवा कोणीतरी काढून टाकला आहे.

गाडीत गोडसर वास, पायाखालचे मॅटिंग ओले, काचेवर चिकट धुके : हीटरची कोर गळते आहे.

व्हॉल्व्ह काढून टाकण्याची खोड

"आपल्याकडे थंडी कुठे आहे? व्हॉल्व्ह काढून टाका, गाडी गारच राहील." हे वाक्य आपल्या गॅरेजमधून पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. जुन्या अँबॅसेडर-पद्मिनीच्या काळात ते खपून गेले. आता ते नुकसानीचे ठरते आणि आम्हाला त्यावर स्पष्ट लिहिणे भाग आहे.

थर्मोस्टॅट काढला की इंजिन आपल्या ठरलेल्या उष्णतेपर्यंत लवकर पोहोचत नाही. इंजिन गार आहे असे समजून संगणक इंधन जास्त सोडतो. ॲव्हरेज घटते, ऑइल लवकर खराब होते, आतले भाग जास्त झिजतात आणि हीटर कोमट होतो. नव्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराची काजळी जाळून टाकणारा फिल्टर असतो. इंजिन पुरेसे तापले नाही तर त्याची सफाई नीट होत नाही आणि तो चोंदतो. याहून आश्चर्याची गोष्ट म्हणजे काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना आतल्या आत फिरणाऱ्या पाण्याची बायपास वाट बंद करतो. तो काढला की ती वाट कायम उघडी राहते, बरेचसे पाणी रेडिएटरला वळसा घालून तसेच इंजिनात परतते आणि गर्दीत किंवा घाटात गाडी उलट जास्त तापते. एकाच चुकीने थंडीत हीटर कोमट आणि उन्हाळ्यात इंजिन गरम!

व्हॉल्व्हवर संशय असेल तर तो काढून पातेल्यात पाण्यात टांगावा, शेजारी थर्मामीटर धरावा आणि पाणी तापवावे. व्हॉल्व्हवर अंश कोरलेले असतात. त्या सुमाराला तो उघडू लागला आणि पुढे दहा-बारा अंशांत पूर्ण उघडला तर तो चांगला आहे, परत बसवावा. उशिरा किंवा अर्धवट उघडला तर नवा घालावा. रिकामी जागा ठेवू नये.

नव्या गाड्यांत स्कॅनर जोडून पाण्याचे तापमान अंशांत वाचता येते. 'पी ०१२८' हा कोड दिसला तर पाणी ठरलेल्या तापमानापर्यंत पोहोचत नाही असा त्याचा अर्थ. संशय उघड्या थर्मोस्टॅटवर घ्यावा. लांबून तापमान मोजणारी पिस्तुलासारखी यंत्रेही आता सर्रास मिळतात. मात्र चकचकीत ॲल्युमिनियमवर ती चुकीचा आकडा दाखवतात. काळ्या रबरी पाईपवर धरून वाचावे.

हेड उतरवण्याआधी

हेड गॅस्केटचे काम खर्चाचे आणि गिऱ्हाइकाच्या छातीत धडकी भरवणारे असते. म्हणून ते शेवटी. गॅस्केट फुटले असेल तर सिलिंडरमधला धूर पाण्यात शिरतो. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा होज पाईप दगडासारखा कडक होतो, कारण इतक्या लवकर तो दाब उष्णतेचा असू शकत नाही. रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येतात. तोच धूर हीटरच्या कोरमध्ये जाऊन बसतो म्हणून हीटर गरम-गार होत राहतो. पाणी भरून एअर काढली तरी दोन दिवसांत हीच तक्रार परत आली तर गॅस्केटचा विचार करावा.

खात्रीसाठी निळ्या द्रवाची चाचणी आहे. टाकीतली हवा त्या निळ्या द्रवातून ओढतात. तिच्यात ज्वलनाचा वायू असेल तर रंग पिवळा पडतो. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली एवढ्यावरून मात्र हेड उतरवू नये. रोज दोन-चार किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत पावसाळ्यात साध्या दमटपणानेही तशी साय धरते. डिपस्टिकवरचे ऑइलच दुधाळ असेल तर गोष्ट वेगळी.

हेड उतरवलेच तर ते लेथवाल्याकडे नेऊन सरळ पट्टी आणि फीलर गेजने वाक तपासून घ्यावा. वाकलेल्या हेडवर नवे गॅस्केट घालणे म्हणजे काही महिन्यांनी तेच काम फुकट करण्याची तयारी होय. आणि गॅस्केट का उडाले ते शोधून दुरुस्त केल्याशिवाय गाडी देऊ नये. ती तापल्यामुळे गॅस्केट गेले असेल तर तापण्याचे मूळ अजून जागेवरच आहे.

पाणी कोणते, कूलंट कोणते

टँकरचे किंवा बोअरचे पाणी तापले की त्यातील क्षार भांड्याला धरतात तसेच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतात. म्हणून त्यात डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणीच घालावे. बॅटरीसाठी विकले जाते तेच. रस्त्यात अडचण पडली तर मिळेल ते पाणी घालून गाडी घरी आणावी, पण नंतर ते काढून टाकावे.

कूलंट म्हणजे केवळ गोठू नये म्हणून घालायचा पदार्थ नव्हे. पुण्यात पाणी गोठत नाही हे खरे. परंतु कूलंट उकळी लांबवतो आणि गंज रोखतो. ॲल्युमिनियमच्या इंजिनाला ते आवश्यकच आहे. हिरवा, लाल, गुलाबी या रंगांवरून जात ठरवू नये. रंग कंपनीगणिक बदलतात. गाडीच्या पुस्तकात लिहिलेला प्रकार पाहावा आणि दोन प्रकार मिसळू नयेत. काही मिश्रणांचा चिकट गाळ होतो. तयार मिश्रण आणि पाणी घालायचे घट्ट कूलंट यांतला फरकही डब्यावर वाचून घ्यावा.

जुने कूलंट गटारात किंवा रस्त्यावर ओतू नका. त्यातील इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड लागते. गॅरेजच्या आसपास शेळ्या, कुत्री आणि लहान मुले वावरतात. ते झाकणाच्या डब्यात साठवून, नाव लिहून, मुलांच्या हाताला लागणार नाही असे ठेवावे.

पाणी भरल्यावर हवा काढणे हा कामाचाच भाग आहे. गाडीचे तोंड थोडे उंचावर ठेवावे, हीटर पूर्ण गरमवर न्यावा, एअर स्क्रू असेल तर तो सैल करावा आणि थंड इंजिनापासून सुरुवात करून पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालवावे. गाडी पूर्ण गार झाल्यावर पाण्याची पातळी पुन्हा पाहावी. हीटर एकसारखा गरम फेकू लागला म्हणजे हवा निघाली. इथेही शेवटची पावती हीटरच देतो.

रस्त्यात गाडी तापली तर

ही सूचना ड्रायव्हर बंधूंसाठी. काटा चढू लागताच एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात करा. उकाडा होईल, पण इंजिनाची थोडी उष्णता बाहेर निघेल आणि सुरक्षित जागी थांबायला वेळ मिळेल. लाल दिवा लागला, वाफ निघाली किंवा हीटर गार पडला तर एक किलोमीटरही पुढे जाऊ नका. "समोरच्या गॅरेजपर्यंत नेतो" या हट्टापायी पाईपच्या गळतीचे काम हेडच्या कामावर जाते.

गरम रेडिएटरची कॅप कधीही उघडू नका. आतले पाणी दाबामुळेच उकळायचे थांबलेले असते. दाब सुटताच ते क्षणात वाफ होऊन चेहऱ्यावर उसळते. किमान अर्धा तास थांबा, पाईप हाताला मऊ लागतो का पाहा, मग जाड फडके धरून कॅप हळूहळू सैल करा. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नका. हेडला तडा जाऊ शकतो.

डाग देणाऱ्या हाताचे पुढे काय?

आता धंद्याची गोष्ट. तांब्या-पितळेच्या रेडिएटरची टाकी उघडायची, नळ्यांना रॉड मारायचे, कथलाचा डाग देऊन टाकी परत बसवायची, हे काम आपल्या अनेक घरांत बापाकडून मुलाकडे आले. आजच्या गाड्यांचे रेडिएटर ॲल्युमिनियमचे आणि त्यांच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात. त्यांवर कथलाचा डाग चालत नाही. फुटला की काढायचा आणि नाना पेठेतून नवा आणायचा. त्या विक्रीत कारागिराच्या हाताला मोल नाही. तो माल कोणीही आणून बसवू शकतो. जुने ट्रॅक्टर, जनरेटर आणि अवजड यंत्रे आहेत तोवर डागाचे काही काम राहील, पण त्यावर मुलांचे भविष्य उभे करता येणार नाही.

मग कारागिरी उरली कुठे? ती निदानात उरली. सुटा भाग बाजारात मिळतो. दोष नेमका कोणत्या भागात आहे हे बाजारात मिळत नाही. दाबाचा हातपंप, थर्मामीटर, टेस्ट लॅम्प, निळ्या द्रवाची नळी आणि एक साधा स्कॅनर एवढ्या सामानावर जुना रेडिएटरवाला आपल्या ठिकाणीच तपासणीचे काम सुरू करू शकतो. पाण्याची वाट त्याला कोणत्याही नवशिक्यापेक्षा जास्त माहीत असते.

त्यासाठी दोन सवयी लावाव्या लागतील. पहिली, तपासणीची मजुरी वेगळी आणि आधी सांगून घेणे. आज आपण तपासणी फुकट करतो आणि तिची भरपाई भाग बदलण्यातून करतो. त्यामुळे नको ते भाग बदलण्याचा मोह होतो. तपासणीला दाम असेल तर "तुमची फक्त कॅप गेली आहे" असे म्हणायला उस्तादाची जीभ अडखळणार नाही. दुसरी, लिहून ठेवणे. गाडी केव्हा तापते, कॅपने किती दाब धरला, पंखा किती अंशांवर सुरू झाला, हीटरच्या दोन नळ्या कशा लागल्या, व्हॉल्व्ह कितीवर उघडला, काय बदलले : एवढ्या सहा ओळी वहीत लिहून त्याची नक्कल गिऱ्हाइकाला द्यावी आणि काढलेला जुना भाग त्याच्या हातात ठेवावा.

हप्त्यावर गाडी घेऊन नगर रस्त्यावर पोट भरणाऱ्या टुरिस्टवाल्याला गाडी उभी राहिलेला प्रत्येक दिवस महाग पडतो. स्वस्त तपासणी आधी आणि महाग काम शेवटी, हा क्रम पाळणाऱ्या उस्तादाकडे तो एकदा आला की पुढच्या वेळी चार जणांना घेऊन येतो. धंद्यातली बरकत अशीच वाढते. शागिर्दांनाही पाना हातात देण्याआधी हा क्रम शिकवावा : आधी विचारा, मग कॅप, मग पाणी, मग हीटर, मग पंखा, मग व्हॉल्व्ह आणि पंप; हेड सर्वांत शेवटी.